रोज तेच भयाण स्वप्न पडत असेल तर

पहाटेचं स्वप्न खरं होतं, असं गावोगावी सांगतात. खरं होत नाही, पण पहाटेचंच स्वप्न ध्यानात राहतं हे मात्र बरोबर आहे. आपली झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते. प्रत्येक फेरीच्या शेवटी स्वप्नांची झोप येते, डॉक्टर तिला ‘रेम’ म्हणतात. रात्रीच्या सुरुवातीला ती थोडकी असते आणि पहाटेकडे लांबत जाते. म्हणून नऊ वाजता अंग टाकणारा माणूस तीन-साडेतीनला दचकून उठतो. छाती धडधडत असते, अंग घामानं भिजलेलं असतं आणि स्वप्न जसंच्या तसं आठवत असतं.

हेच स्वप्न आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन्‌महिने पडू लागलं की माणूस झोपेलाच भिऊ लागतो. मग तो मुद्दाम उशिरा झोपतो, मोबाइल घेऊन बसतो, एक खर्रा (तंबाखू-सुपारीची पुडी) जास्त लावतो, कोणी थोडी घेऊन झोपतो. नेमक्या याच चार गोष्टींनी स्वप्नं वाढतात.

रात्रीच्या अंधारात स्वप्नाशी झुंजून काही हाती लागत नाही. ते दिवसाउजेडी, वहीवर मोडावं लागतं, म्हणजे बदलून लिहून नवं रूप मनात घोळवावं लागतं. या पद्धतीला मानसोपचारात चांगला आधार आहे. 2001 साली अमेरिकेत लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवर तिचा मोठा अभ्यास झाला आणि त्यांची भयाण स्वप्नं कमी झाली. तिथल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेनं 2018 मध्ये वारंवार पडणाऱ्या वाईट स्वप्नांसाठी हीच पद्धत सुचवली. खर्च म्हणाल तर शंभर पानी वही आणि एक पेन.

आधी प्रकरण कोणतं ते ओळखा

रात्री घाबरून उठणारा प्रत्येक माणूस वाईट स्वप्नानंच उठतो असं नाही. पुढचे चार प्रकार गावात सर्रास एकाच नावाखाली जातात आणि उपाय चुकतो.

वाईट स्वप्नात माणूस पूर्ण जागा होतो, कुठे आहे ते त्याला लगेच कळतं आणि गोष्ट सांगता येते. हे बहुतेक रात्रीच्या उत्तरार्धात होतं. वहीची पद्धत याच्यासाठी आहे.

लेकरू झोपल्यावर तास-दोन तासांतच किंचाळत उठून बसतं, डोळे उघडे, पण आईलाही ओळखत नाही, आणि सकाळी विचारलं तर काहीच आठवत नाही. ही गाढ झोपेतली दचक आहे, स्वप्न नव्हे. इथे वही चालत नाही. त्याचं पुढे सांगितलं आहे.

जाग आली आहे, छताचा पंखा दिसतो आहे, पण हातपाय हलत नाहीत आणि छातीवर कोणीतरी बसल्यासारखं वाटतं. याला ‘दाबलं’ म्हणतात आणि मग भगताकडे नेतात. स्वप्नांच्या झोपेत शरीर आपले स्नायू सैल करून ठेवतं, म्हणजे स्वप्नात धावताना माणूस खाटेवरून पळत सुटत नाही. कधीकधी मेंदू आधी जागा होतो आणि स्नायूंवरचं हे कुलूप मिनिट-दोन मिनिटं उशिरा उघडतं, एवढंच. जीव जात नाही. पूर्ण अंग हलवायची धडपड करू नका. पायाचा एक अंगठा किंवा जीभ हलवायचा प्रयत्न करा आणि श्वासाकडे लक्ष ठेवा. अपुरी झोप आणि उताणं झोपणं, या दोन गोष्टींनी हे जास्त होतं. कुशीवर झोपा.

चौथा प्रकार दुर्लक्षिला जातो आणि तोच जपण्यासारखा आहे. पन्नाशी ओलांडलेला माणूस झोपेत लाथा झाडतो, बुक्के मारतो, शिव्या देतो, शेजारी झोपलेल्या बायकोला लागतं. उठवल्यावर म्हणतो, रानडुकराला हाकलत होतो. यात स्नायूंवरचं ते कुलूप लागतच नाही. पुढे काही वर्षांनी कंपवाताचा आजार येण्याची ही पूर्वसूचना असू शकते, म्हणून मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवलंच पाहिजे. तोवर बाज भिंतीपासून दूर आणि बुटकी ठेवा, खाली गोधड्या टाका. आणि वाईट स्वप्नांवर उतारा म्हणून उशाखाली विळा, सुरी किंवा अडकित्ता ठेवायची जी रीत आहे, ती या माणसाच्या बाबतीत आजच बंद करा.

वहीवर स्वप्न मोडायचं कसं

वेळ दिवसाची घ्या. दुपारी जेवण झाल्यावर किंवा सकाळी चहानंतर, वीस मिनिटं कोणी हाक मारणार नाही अशी. बाजेवर, अंथरुणात बसून हे काम करू नका. अंथरुणाला आधीच भीती चिकटलेली असते, तिच्यात भर नको. झोपायच्या आधी दोन तास तर नकोच.

स्वप्नं बरीच असतील तर सगळ्यात भयंकर असेल ते आधी घेऊ नका. दहापैकी चार-पाच गुणांचं भय ज्यात आहे ते निवडा. पद्धत हाताला बसली की मग मोठ्याकडे वळा. पहिल्याच दिवशी सर्वांत वाईट स्वप्नाला हात घालणारे बहुतेक जण तिसऱ्या दिवशी वही ठेवून देतात.

डाव्या पानावर स्वप्न जसं पडतं तसं लिहा. वर्तमानकाळात आणि थोडक्यात, आठ-दहा ओळींत. बारकावे रंगवायचे नाहीत. उदाहरणार्थ:

“रात्री मोटर चालू करायला वावरात जातो. बॅटरी विझते. विहिरीच्या काठावर पाय घसरतो. खाली काळं पाणी. वर कोणीतरी उभं आहे, हात देत नाही. ओरडतो, आवाज निघत नाही.”

आता स्वप्न कुठे बिघडायला लागतं ती जागा शोधा. इथे ती ‘बॅटरी विझते’ ही आहे. विहीर नंतरची गोष्ट. बदल करायचा तो या जागेच्या जरा आधी. उजव्या पानावर नवं स्वप्न लिहायचं, सुरुवात तीच ठेवून:

“रात्री मोटर चालू करायला वावरात जातो. बॅटरीचा उजेड लख्ख आहे, धुऱ्यावरचा दगडनदगड दिसतो. हरभऱ्याची आंब, पानांवरची आंबट ओल, पोटऱ्यांना लागते. विहिरीला कमरेइतका सिमेंटचा कठडा आहे. हात ठेवला तर दिवसाच्या उन्हानं अजून कोमट लागतो. पलीकडे शेजारचा भाऊ पाटाचं पाणी वळवतो आहे, तो म्हणतो, ‘आलास काय रे? बस जरासा.’ मी स्टार्टरचं हिरवं बटण दाबतो. मोटर गुरगुरते, पाइपाच्या तोंडातून आधी हवा, मग पाण्याची धार. गार पाण्यात हात धुतो. घरी परततो.”

यात कोणी राक्षस मारला नाही, चमत्कार झाला नाही. नवं स्वप्न सुखाचंच असावं असा नियम नाही. मन त्यात सहज रमावं आणि शेवटी तुम्ही सुरक्षित असावं, एवढं पुरे. मात्र डोळ्यांना दिसणारं, हाताला लागणारं, नाकाला येणारं असं निदान चार गोष्टींचं वर्णन त्यात हवंच. ‘मग सगळं नीट झालं’ असं लिहिलं तर मेंदूला धरायला काहीच सापडत नाही. कोमट कठडा आणि पोटरीला लागणारी आंब, हीच काम करतात.

आणखी एक चूक तरुण पोरांची. ते नव्या स्वप्नात कुऱ्हाड घेऊन समोरच्याला तोडतात. स्वप्नातला मारणारा बदलला, मारामारी तशीच राहिली. जाग यायची ती येतेच. शत्रूच असेल तर त्याला लहान करा, रस्ता चुकवा, त्याच्या जागी वाट विचारणारा म्हातारा आणा.

लिहून झालं की डावं पान फाडून टाका किंवा स्टेपल मारून बंद करा. जुनं स्वप्न पुन्हा वाचायचं नाही. नवं स्वप्न मात्र रोज, दिवसातून एकदा किंवा दोनदा, डोळे मिटून दहा ते वीस मिनिटं मनात चालवायचं. आधी वाचा, मग वही बंद करा आणि पाहा. घाईनं संपलं तर सुरुवातीपासून पुन्हा. मध्येच जुनं चित्र घुसलं, तर त्याच्याशी भांडू नका. डोळे उघडा, जवळच्या कशावर तरी हात ठेवा, दोन श्वास घ्या आणि कठड्यापासून पुढे चालू करा. दर वेळी तेच घुसत असेल तर बदल उशिरा केला आहे असं समजा. आणखी दोन ओळी आधी बदला.

एकच नवं स्वप्न निदान आठवडाभर चालवा. रोज नवी गोष्ट रचली तर एकही मनात मुरत नाही. एका वेळी दोनपेक्षा जास्त स्वप्नं हाताशी घेऊ नका.

फरक पडायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, काहींना जास्त. स्वप्न एका रात्रीत नाहीसं होत नाही. आधी ते विरळ होतं, किंवा पडतं पण मध्येच वळण बदलतं, किंवा जाग येते पण छाती तेवढी धडधडत नाही. म्हणून उशाशी कॅलेंडर ठेवा आणि सकाळी फक्त आकडा टाका: स्वप्न पडलं नाही तर 0, पडलं तर भीतीप्रमाणे 1 ते 10. स्वप्नाचं वर्णन नको. हा आकडा नसला की माणसाला वाईट रात्रच आठवते, मधल्या चांगल्या चार रात्री आठवत नाहीत, आणि तो ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडून देतो.

लिहिता येत नसेल तर मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. नवं स्वप्नच बोला, जुनं नको. शेतमजूर बायाबापड्यांसाठी ही सोय वहीपेक्षा बरी. निंदणाला जाताना कानाला लावून ऐकता येतं.

एका बाबतीत मात्र एकट्यानं हे सुरू करू नये. घरात आत्महत्या झाली असेल आणि तेच दृश्य स्वप्नात येत असेल, वाघाच्या किंवा रानडुकराच्या हल्ल्यातून कोणी वाचलं असेल, मारहाण किंवा अत्याचार झाला असेल, आणि दिवसाही ते डोळ्यांसमोर उभं राहत असेल, त्या जागेवरून जाणं टाळलं जात असेल, तर हीच पद्धत समुपदेशकासमोर बसून करायची. आघात मोठा असला की वही उघडल्याबरोबर सगळंच उसळून येतं, आणि तेव्हा समोर जाणतं माणूस लागतं.

चिंता खरी असेल तर

मनी वसे ते स्वप्नी दिसे, हे इथे पुरतं लागू आहे. सोसायटीचं थकलेलं कर्ज, गुलाबी बोंडअळीनं गेलेला कापूस, पोरीच्या लग्नाचा खर्च, असं काही मनात घोळत असेल तर नुसतं स्वप्न बदलून भागत नाही. संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, पंधरा मिनिटं चिंतेला द्या. कागदावर तीन रकाने पाडा: काय, किती किंवा कधीपर्यंत, आणि उद्या करायचं एक काम. ‘सोसायटी, मार्चअखेर, उद्या गटसचिवाला भेटून पुनर्गठनाचं विचारणे.’ ज्या चिंतेवर उद्या करण्यासारखं कामच नाही, तिच्यापुढे ‘सध्या नाही’ लिहा. रात्री तो विचार आला की तो कागदावर आहे, उद्या संध्याकाळी त्याची पाळी आहे, एवढंच स्वतःला सांगायचं. झोपेच्या वेळी हिशेब करायला बसलेल्या माणसाचा हिशेब कधीच जुळत नाही.

मध्यरात्री जाग आल्यावर

पहिलं काम उजेड. उशाशी बॅटरी आणि पाण्याचा तांब्या आधीच ठेवलेला असावा. अंधारात चाचपडताना भीती वाढते. उठून बसा, दोन्ही तळवे जमिनीला टेकवा. फरशीचा किंवा सारवणाचा गारवा जाणवू द्या. दिसणाऱ्या पाच गोष्टींची नावं तोंडानं घ्या: कूलर, घडा, कंदील, दाराची कडी, लेकराची चप्पल. मग श्वास: मनात चारपर्यंत मोजत आत, सहापर्यंत मोजत बाहेर, असं दहा वेळा. बाहेर सोडायचा श्वास लांब असला की छातीची धडधड उतरते. उलट, भीतीनं भराभर खोल श्वास घेतले तर हाताला मुंग्या येतात, डोकं गरगरतं आणि माणसाला आणखी काही झालं असं वाटतं.

मोबाइल नको, घड्याळही नको. घरच्यांना स्वप्न पूर्ण सांगू नका. ‘वाईट स्वप्न होतं, ठीक आहे’ एवढं पुरे. घरच्यांनीही ‘काय पाहिलं, कोण होतं’ असं खोदून विचारू नये. रात्री सांगितलेली गोष्ट आणखी एकदा पक्की होते. वीसेक मिनिटांत झोप आली नाही असं वाटलं तर बाजेवर तळमळत पडू नका. ओसरीत बसा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा, तुरीचं दाणं निवडा म्हटलं तरी चालेल. डोळे जड झाले की परत. सकाळी उठायची वेळ मात्र ठरलेलीच, रात्र कशीही गेली तरी.

स्वप्नांना खतपाणी घालणाऱ्या गोष्टी

खर्रा. विदर्भात याच्यावर बोलल्याशिवाय झोपेचं बोलणं पूर्ण होत नाही. तंबाखूतलं निकोटीन मेंदूला जागं ठेवतं आणि सुपारीही तरतरी आणते, म्हणून तर जागलीवर लोक खर्रा चघळतात. काही जण तो गालात ठेवूनच झोपतात. रात्रभर थोडं थोडं निकोटीन अंगात जातं, झोप तुटक होते, आणि तुटलेल्या झोपेतली स्वप्नं लक्षात राहतात. शेवटचा खर्रा झोपण्याच्या दोन-तीन तास आधी, आणि चूळ भरून. एकदम सोडणाऱ्यांना पहिले काही आठवडे स्वप्नं जास्त ठसठशीत पडतात. ती सोडल्याची खूण आहे, ती निवळतात. त्या भीतीनं पुन्हा पुडी उघडू नका.

चहा दुपारी तीननंतर बंद. त्यातलं कॅफिन अर्धं उतरायला पाच-सहा तास लागतात.

दारू. मोहाची असो की देशी, झोप लवकर लागते हे खरं. पण रात्रीच्या पूर्वार्धात ती स्वप्नांची झोप दाबून टाकते आणि नशा उतरली की पहाटे ती दाबलेली झोप दुप्पट जोरानं उसळते. पिऊन झोपणाऱ्याची पहाट म्हणूनच वाईट जाते. मात्र वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं मनानं एकदम सोडू नये. दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, घाम, भास, फिट, इथपर्यंत जाऊ शकतं आणि जीवावर बेतू शकतं. सोडायचीच आहे, पण दवाखान्यात सांगून.

गोळ्या. रक्तदाबाच्या प्रोप्रॅनोलॉल, मेटोप्रोलॉल, दमा-सर्दीसाठी सहज लिहून दिली जाणारी माँटेलुकास्ट, नैराश्यावरच्या काही गोळ्या, कंपवाताची लेव्होडोपा, यांनी वाईट स्वप्नं पडू शकतात. स्वप्नं आणि गोळी एकाच महिन्यात सुरू झाली असतील तर पाकीट घेऊन डॉक्टरकडे जा. स्वतःहून बंद करू नका. नैराश्याची गोळी एकदम बंद केली तर स्वप्नं उलट वाढतात आणि रक्तदाबाची बंद केली तर हृदयावर येतं.

फवारणी. हे शहरातल्या लेखांत सापडणार नाही. कपाशीवर मारली जाणारी काही कीटकनाशकं मज्जातंतूंवर काम करतात. ती थोडी थोडी अंगात गेली तर बेचैनी, झोप न लागणं आणि भयाण स्वप्नं ही लक्षणं येऊ शकतात. फवारणीच्या दिवसांतच स्वप्नं वाढत असतील तर भगताआधी पंपाकडे पाहा. टाकी गळते का, वारा तोंडावर घेऊन फवारणी होते का, तेच कपडे घालून जेवण होतं का? काम संपलं की साबणानं आंघोळ, कपडे वेगळे धुवायचे. औषधाचे डबे झोपायच्या खोलीत किंवा बाजेखाली अजिबात नकोत. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं कित्येक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हापासून हे कोणाला नवीन सांगायची गरज नाही. आणि डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, लाळ गळणं, उलट्या, स्नायू उडणं, दम लागणं असं दिसलं तर झोपेचा विचार सोडा आणि 108 लावा.

ऊन. स्वप्नांच्या झोपेत शरीर आपलं तापमान नीट सांभाळत नाही, घाम येण्याची क्रिया मंदावते. म्हणून मे महिन्यात टिनाच्या घरात, लाइन गेल्यावर, नेमकी याच झोपेत जाग येते आणि अर्धं स्वप्न हातात राहतं. अंगणात सडा टाकून बाज बाहेर काढणं हा जुना उपाय अजूनही उत्तम आहे, मच्छरदाणीसह. कूलर लावत असाल तर समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. हवा बाहेर जायला वाट नसली की खोलीत नुसता दमटपणा साचतो आणि कूलर चालू असूनही अंग चिकचिकतं. झोपण्याआधी साध्या पाण्यानं आंघोळ. बर्फाचं पाणी नको. रात्रीचं जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी.

ज्यांची रात्र मोटरवर जाते

शेतीची थ्री-फेज लाइन रात्रपाळीला आली की हरभरा, गहू ओलवायला अर्ध्या रात्री उठावंच लागतं. ‘रोज एकाच वेळी झोपा’ हा सल्ला इथे थट्टाच ठरतो. त्याऐवजी झोपेचा एक खुंटा ठोका: लाइन दिवसाची असो की रात्रीची, दोन्ही आठवड्यांत किमान चार तास असे निवडा की जे रोज झोपेचेच असतील. लाइन रात्री बाराला येत असेल तर आठ ते साडेअकरा आणि परतल्यावर पहाटे चार ते आठ, असं दोन तुकड्यांत झोपा, आणि दिवसाच्या पाळीच्या आठवड्यातही चार ते आठ हा तुकडा मोडू नका. परत आल्यावर चहा-खर्रा नको. पाय धुवा, खिडकीला जाड चादर लावा, झोपा. दुपारची डुलकी वीस मिनिटांची, तीनच्या आत. दोन-तीन रात्रींची झोप बुडाली की पुढच्या रात्री स्वप्नांची झोप भरपाई मागते आणि स्वप्नं जोरात पडतात. ती रात्र वाईट गेली म्हणून वहीची पद्धत फसली असं समजू नका. सौर पंप बसलेल्यांची या कटकटीतून बरीचशी सुटका होते, हे जाता जाता.

लेकरांचं

तीन ते सहा वर्षांच्या पोरांना वाईट स्वप्नं पडणं नेहमीचंच. त्यांच्याकडून वही नको, चित्र काढून घ्या. स्वप्नातला कुत्रा काढू द्या, मग विचारा, याला काय करायचं? पोरं त्याला टोपी घालतात, फुगा बांधतात. ते चित्र उशाशी ठेवा. झोपताना बागुलबुवाची भीती घालणं आजी-आजोबांनीही थांबवावं.

किंचाळून उठणाऱ्या, पण न ओळखणाऱ्या लेकराला गदागदा हलवू नका, तोंडावर पाणी मारू नका. पडणार नाही एवढं पाहा; काही मिनिटांत आपोआप झोपतं. हे रोज ठरावीक वेळी होत असेल, तर त्याच्या पंधरा ते तीस मिनिटं आधी त्याला हलकं जागं करून पुन्हा झोपवा, असं दोन ते चार आठवडे. थकलेल्या आणि तापलेल्या लेकरांना हे जास्त होतं.

अंगारा, लिंबू आणि भगत

घरच्या देवाला दिवा लावून झोपल्यानं ज्याला बरं वाटतं त्यानं लावावा; ठरलेल्या वेळी केलेली कुठलीही शांत गोष्ट झोपेला मदतच करते. पण पैसे मागणारा, धुनी देणारा, उपाशी ठेवणारा, मारून भूत काढणारा कोणी असेल तर तिथून माणूस उठवून आणा. असले अघोरी प्रकार महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहेत. दवाखान्यात जायच्या आधी यात जे महिने जातात, ते सगळ्यात महाग पडतात.

दवाखाना कधी आणि कुठे

दीड-दोन महिने वही नीट करूनही आकडे खाली येत नसतील तर. जोरात घोरणं, मध्येच श्वास अडकणं, बुडाल्याची किंवा गळा दाबल्याची स्वप्नं, सकाळी डोकं जड, असं असेल तर. हा झोपेत श्वास थांबण्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार केले की स्वप्नंही कमी होतात. झोपेत लाथा-बुक्के असतील तर. आघातानंतरची स्वप्नं असतील तर.

आणि जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी. वारंवार पडणारी भयाण स्वप्नं आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार यांचा संबंध अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसला आहे. अशा घरात कीटकनाशकाचे डबे आधी हलवा, कुलूप लावा, किल्ली दुसऱ्या कोणाकडे द्या, जमलं तर डबे शेजाऱ्याच्या कोठ्यात ठेवा. माणसाला एकटं सोडू नका. त्याला सरळ विचारा, ‘मरणाचे विचार येतात का?’ विचारल्यानं विचार पेरला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते.

टेलि-मानस या सरकारी सेवेचा नंबर 14416. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. समोरासमोर दाखवायचं तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागात जा; सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, नागपूर, यवतमाळ, अकोला इथली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय इथेही मानसोपचारतज्ज्ञ असतात. वाट ठाऊक नसेल तर गावच्या आशाताईला विचारा.

जाताना कॅलेंडर, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि रात्री शेजारी झोपणारं माणूस सोबत न्या. घोरणं, लाथा, श्वास अडकणं हे रुग्णाला स्वतःला ठाऊकच नसतं, ते शेजारचाच सांगू शकतो. डॉक्टर प्रॅझोसिन नावाची गोळी देऊ शकतात. आघातानंतरच्या स्वप्नांसाठी ती वापरतात. काहींना गुण येतो, 2018 च्या एका मोठ्या चाचणीत मात्र तिचा फायदा दिसला नव्हता. तिनं रक्तदाब उतरतो, म्हणून पहिली मात्रा झोपतानाच घ्यायची आणि रात्री लघवीला उठताना आधी मिनिटभर बाजेवर बसून मग उभं राहायचं. झोपेची गोळी मेडिकलमधून मागून आणू नका, आणि दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची तर नाहीच.